दुसरा हार

ते साल एकोणीसशे एकसष्ट. अकोल्याच्या जुन्या शहरात, राजराजेश्वराच्या देवळाकडे वळणाऱ्या रस्त्यावर सत्यभामाबाईचं फुलांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लाकडी फळी, वर गोणपाटाचं छप्पर आणि हार टांगायला खिळे. मळा मोर्णा नदीच्या काठी. नवरा पंजाबराव सकाळी शेवंती-झेंडू तोडून आणायचा आणि ती दिवसभर ओवत बसायची.

धंद्याचा एक नियम तिला सासूनं शिकवला होता. मयताच्या हाराला गिऱ्हाईक आलं तर कोण गेलं हे विचारायचं नाही. त्याला वाटलं तर तो सांगेल, आपण मान खाली घालून ओवायचं. देवाच्या हाराला खाली गोंडा बांधायचा, मयताच्या हाराची टोकं मोकळी ठेवायची. सत्यभामाबाईनं हा नियम कधी मोडला नव्हता.

तिचा एकुलता एक मुलगा गोवर्धन तेव्हा गावातले पुढारी जानरावजी यांच्या स्वयंसेवक पथकात जायचा. पथकानं सुरुवातीला कामं चांगलीच केली. पुरातून माणसं काढली, जत्रेत पाणी वाटलं. पोरं बिड्या सोडून नदीकाठी कवायतीला जाऊ लागली म्हणून आयाबाया जानरावजींना दुवा देत. मग मूर्तिजापूरला शाखा निघाली, अमरावतीला निघाली. मग दुकानदारांकडून वर्गणी सुरू झाली. न देणाऱ्यांची दुकानं जळू लागली, तेव्हा लोक म्हणाले, कंदील पडला असेल. पोरं घरात बोलेनाशी झाली. गोवर्धन फुलं पोचवायला म्हणून आगगाडीनं मूर्तिजापूरला जायचा आणि त्याची एकेक टोपली उचलायला दोघं लागायचे.

"एवढी जड काहून रे?" तिनं एकदा विचारलं.

"फुलं ओली हायेत, माय."

तो हसला, तीही हसली. टोपलीवरच्या गोणपाटाखालून गंधकाचा वास येत होता. तिनं वरून आणखी थोडं पाणी शिंपडलं.

पौषातल्या एका दुपारी एक उंच माणूस फळीपुढे येऊन उभा राहिला. हातात छत्री, कपाळावर जुन्या जखमेचा व्रण. मयताचा हार करून ठेवा, उद्या नेतो, म्हणाला. धोतराचा काठ ओला होता, त्यातून पाणी ठिबकत होतं. तिनं मान खाली घातली. पुन्हा वर पाहिलं तेव्हा तो नव्हता, आणि तो उभा होता तिथली धूळ कोरडी होती.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. रडून डोळे सुजलेली एक बाई आली. हार तयारच होता, तो सत्यभामाबाईनं तिला दिला. थोड्या वेळानं तिरडी त्याच रस्त्यानं गेली. चेहरा उघडा होता. कपाळावरचा व्रण तिनं ओळखला.

तो शेषराव. पथकाला वर्गणी देऊ नका, असं कापसाच्या जिनातल्या हमालांना सांगायचा. त्याला अमरावतीत भोसकलं होतं. आठवडाभर तो तिकडेच बहिणीकडे लपून होता, अकोल्यात आलाच नव्हता.

सारखा दिसणारा कोणी असेल, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

मग देवमन मास्तर आले. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातले. एकेकाळी त्यांनी गोवर्धनला शिकवलं होतं, आता मूर्तिजापूरच्या शाळेत होते, आणि तिथल्या शाखेविरुद्ध उघड बोलत होते. बसा मास्तर, म्हणून तिनं जागा केली. मास्तरांनी ओळख दाखवली नाही. मयताचा हार पाहिजे, उद्या, एवढंच बोलले. पायजम्याची टोकं ओली होती.

तिनं त्याच दुपारी पंजाबरावाला सांगितलं. फुलांचा वास तुझ्या डोक्यात गेला, असं तो म्हणाला. मग ती पोलिसात जमादार असलेल्या दिराकडे, पुंजाजीकडे गेली. त्यानं सगळं ऐकलं आणि मिशीला पीळ दिला.

"वयनी, भुतं हार घ्यायले लागली, त आमालेबी एखादा उधार देत जा."

मास्तर शाळेत मजेत आहेत, असंही त्यानं सांगितलं. ते खरंच होतं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मास्तरांचं घर बाहेरून कडी घालून पेटवलं गेलं. त्यांची बायको पंचफुला तेवढी विहिरीवर गेली होती म्हणून वाचली.

दिराला सत्यभामाबाईनं गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली होती. टोपल्यांची सांगितली नव्हती. ज्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही ते ती बोलली, आणि ज्यावर कोणीही ठेवला असता ते तिनं पदराआड ठेवलं, कारण त्या टोपल्या पोटच्या पोराच्या होत्या.

माघ लागला. त्या सकाळी गोवर्धन अमरावतीच्या गाडीत बसला. तिनं स्वतः डबा बांधून दिला होता.

दुपारी तो फळीपुढे उभा होता.

तोच सदरा. केस कपाळाला चिकटलेले. पायजम्याच्या टोकांतून पाणी ठिबकत होतं.

"बाई," तो म्हणाला, "मयताचे हार पाह्यजे. दोन."

तिनं नियम मोडला.

"कोन गेलं?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. नव्या गावात रस्ता विचारणाऱ्यासारखं.

"उद्या नेतो."

खालची धूळ कोरडी होती.

तिनं दुकानातली सगळी फुलं उचलली आणि मोर्णेत फेकली. ओवायला पाकळीसुद्धा ठेवली नाही. मग तशीच पुंजाजीकडे गेली आणि टोपल्या, गंधक, पोरांची नावं, सगळं सांगितलं. माह्या पोराले वाचवा, म्हणाली.

या खेपेला पुंजाजी हसला नाही. त्यानं टोपी चढवली.

"तुमी घरी जा, वयनी. मी पाह्यतो."

तो उठला तो थेट जानरावजींच्या ओसरीवर गेला. रोजचा चहा तिथेच असायचा. हे खरं आहे का, असं त्यानं घरच्या माणसासारखं विचारलं. घरातला पोरगा आहे, त्याला यातून मोकळा करा, असंही सांगितलं. जानरावजींनी त्याला आणखी एक कप पाजला.

दुसऱ्या दिवशी गोवर्धन बडनेऱ्याला रुळांच्या कडेला सापडला. तोंडात शेवंती कोंबलेली होती.

तिरडी बांधताना फुलं नाहीत म्हणून बायका कुजबुजल्या. पंजाबराव दुकानाकडे जाऊन आला. त्याच्या हातात हार होता, टोकं मोकळी असलेला.

"खिळ्याले दोन होते," तो म्हणाला. "तू कवा केले?"

पुढे या खुनांवरून खटला झाला. साक्षीदार फिरले आणि जानरावजी सुटले. नगरपालिकेत निवडून आले, आता शाळांमधून बक्षिसं वाटतात. पुंजाजीला बढती मिळाली. तो निवृत्त झाला, पण देवळाला जायचं तर अजून मागच्या गल्लीनं जातो. पंजाबरावानं शेवंती उपटून मळ्यात वांगी लावली आणि दोन पावसाळ्यांनी तोही गेला. त्याच्यासाठी सत्यभामाबाईनं बाजारातून फुलं आणून वेगळा हार ओवला. पंचफुला अमरावतीच्या दवाखान्यात नर्स आहे. वर्षातून एकदा येते, पांढरी फुलं घेते. दोघी बोलत नाहीत.

आठ वर्षं झाली. सत्यभामाबाई अजून त्याच फळीवर बसते. मयताच्या हाराला कोणी आलं की आधी त्याचे पाय पाहते, मग विचारते, कोण गेलं. जानरावजींची जीप रोज समोरून जाते. ते कधी उतरले नाहीत. त्यांचं धोतर अजून कोरडं, कडक इस्त्रीचं असतं.

दुसरा हार खिळ्यालाच आहे. शेवंती आज सकाळी तोडल्यासारखी दिसते. मोकळ्या टोकांतून पाणी ठिबकत असतं, आणि खालची धूळ कोरडी असते.