खालून मोजलेला बर्फ

आमच्या आल्डेमार गावच्या बर्फ मंडळाची वेबसाइट मिटवण्याआधी ती चालवणाऱ्या कंपनीने आम्हाला एकोणीस दिवसांची मुदत दिली. कारण काय, तर ‘वापर कमी’. मे महिन्यात बर्फाच्या वेबसाइटचा वापर किती असायला हवा, हे त्या दीडशहाण्यांनी कळवलं नाही. बावीस हिवाळे होते तिथं: कुठल्या कालव्यावर किती सेंटिमीटर बर्फ, स्केटिंग कुठून करावं, कुठं पाऊलही टाकू नये.

वाचनालयात आम्ही नऊ जणांनी पानं वाटून घेतली. नियम माझा: एकाने पान उतरवायचं, दुसऱ्याने मूळ पानाशी ओळ न् ओळ ताडायचं. जुळलं नाही तर पान बाद.

बाउक्येला फक्त येल्मरची पानं हवी होती. तिचा नवरा येल्मर मंडळाचा बर्फमास्तर. बर्फ माणसांचं वजन पेलेल का, ते तो ठरवायचा. दोन हजार बाराच्या फेब्रुवारीत पुलाखाली जाडी मोजताना बर्फ फुटला आणि तो खाली गेला, तो गेलाच. त्याच्या हातचं दुसरं काहीच तिच्याकडे नव्हतं.

शेवटच्या दिवशी, सकाळी साडेअकराला, मी त्याचं शेवटचं पान ताडलं. मूळ पानावर एकेचाळीस नोंदी. आमच्यातल्या वोब्बेने उतरवलेल्यावर बेचाळीस.

जास्तीची नोंद अशी: ‘पूल. खालून मोजला. चार सेंटिमीटर.’

माझं डोकं सणकलं. “वोब्बे, तिची थट्टा करताना लाज नाही वाटली?”

“अगं बाई, मी नुसतं बटण दाबलं! मला स्वतःचं नाव टाइप करायला पाच मिनिटं लागतात.”

“मग पुन्हा उतरव. माझ्यासमोर.”

त्याने उतरवलं. मी त्याच्या हातांवरून नजर हलवली नाही.

बेचाळीस. जाडी मात्र आता नऊ.

बाउक्ये कधी मागे येऊन उभी राहिली, कळलं नाही.

“नियमाने हे पान बाद,” मी म्हणाले.

“तुझा नियम घाल चुलीत. तो असंच लिहायचा. ठेव ते.”

“मूळ पानाशी जुळत नाही, बाउक्ये.”

तेवढ्यात दुपारचे बारा वाजले, मुदत संपली. मूळ पान गेलं. पांढऱ्या पडद्यावर कंपनीने आमचे आभार मानले होते. निर्लज्ज!

ताडायला आता काही उरलंच नव्हतं. मी ‘तपासलं’ अशी खोटी खूण केली आणि पान उघडून खुर्ची बाउक्येला दिली.

खिडकीखाली कालव्यात बदकं पोहत होती.

बाउक्ये शेवटपर्यंत वाचत गेली. त्रेचाळिसावी नोंद. तारीख आजची.

‘पूल. खालून मोजला. चाळीस सेंटिमीटर. ठोकून पाहिलं. वर कुणी नाही.’