आवळलेला स्क्रू

उतारावरून येणारी ती गाडी आपल्या डावीकडून जाणार की उजवीकडून, हे तिला शेवटपर्यंत कळेना. बहुधा गाडीलाही कळत नव्हतं. उंच, चौकोनी, चिखलाने माखलेली जुनी फोर-बाय-फोर, कधी या कडेला जात होती, कधी त्या कडेला. शेवटी तिनेच आपली मोटरसायकल रस्त्याखालच्या गवतात घातली आणि तिथेच बसकण मारली. मागची पिशवी फुटली. आतली नवीकोरी बेअरिंग्ज गडगडत गवतात पसार झाली.

गाडी थांबली. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेला एक तरुण धावत आला.

"लागलं का? बघू... मी डॉक्टर आहे. म्हणजे, गुरांचा."

"मी गाय नाही," ती कपडे झटकत म्हणाली. "प्यायला आहात का?"

"सकाळी? नाही हो. गाडीच अशी आहे. मी स्टिअरिंग फिरवतो, ती जरा विचार करते, मग वळते. वरच्या वस्तीत गाय अडली होती, म्हणून..."

तिने पुढे काही ऐकलंच नाही. सरळ गाडीपाशी गेली, खिडकीतून हात घालून स्टिअरिंग हलकेच इकडेतिकडे केलं आणि पुढच्या चाकाकडे बघत राहिली. चाक ढिम्म हललं नाही.

"चार बोटं प्ले आहे, स्टिअरिंग नुसतंच फिरतंय. अशा गाडीतून माणसांनी जाऊ नये. पेट्रोल पंपाच्या मागे गॅरेज आहे, उद्या आणा. हळू आणा."

"मिस्त्री असतील ना उद्या?"

"मीच मिस्त्री."

त्याने मग तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या गालावर ग्रीसचा डाग होता, केसांत गवताची काडी होती आणि डोळ्यांत अजून राग. तो हसला नाही, पण हसू दाबताना जे होतं ते तिला दिसलं. मग दोघांनी गुडघ्यांवर बसून बेअरिंग्ज शोधली. शेवटचं एकाच वेळी दोघांच्या हाताला लागलं. त्याने सोडलं नाही... आणि खरं सांगायचं तर तिनेही जरा उशिराच ओढलं.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजच्या दारात आली, तेव्हा तिचे आप्पा नेहमीसारखे खुर्चीत बसून रेडिओ ऐकत होते. पंचक्रोशीत स्टिअरिंगचं काम करावं ते आप्पांनीच, असं लोक म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी हात कापायला लागले आणि पाना तिच्या हातात आला. आप्पांनी गाडीकडे पाहिलं, रेडिओ बंद केला आणि "डोकं धरलंय" म्हणून आतल्या खोलीत निघून गेले. तिने फारसं लक्ष दिलं नाही. तिचं लक्ष दुसरीकडे होतं.

"मी खाली जाते. तुम्ही वर बसा आणि स्टिअरिंग सावकाश हलवा," तिने सांगितलं. "कुठला सांधा आधी हलतो ते बघायचंय."

"एवढंच? मला वाटलं, मोठं यंत्र लावाल."

"डोळे आहेत की. हलवा. डावीकडे... उजवीकडे... थोडं कमी."

"असं?"

"असं. आता बोलू नका."

"का? बोलण्याने गाडी हलते?"

ती गाडीखाली होती, म्हणून तिचं हसू त्याला दिसलं नाही. स्टिअरिंगपासून चाकांकडे जाणाऱ्या रॉडच्या टोकांचे दोन्ही सांधे झिजले होते. दात पडलेल्या तोंडात जीभ फिरावी तसे आतल्या आत फिरत होते. ते तिने बदलले. गाडी सुधारली, पण पुरती नाही. चार दिवसांनी तो परत आला.

"अजून भरकटते."

मग स्प्रिंगच्या पाट्यांची झिजलेली रबरी बुशं बदलली. पुन्हा आठवडाभराने हजर.

"आता?"

"आता... खरं सांगू? गाडी बरी आहे. पण वळण घेतलं की स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही. सारखं ओढून आणावं लागतं. आणि..."

"आणि काय?"

"आणि तुम्ही सारखं टायरची हवा तपासायला बोलवत जा ना."

काम झालं की चाचणी घ्यायला ती शेजारी बसायची. नदीकाठचा खडीचा रस्ता, बारीक भुरभुर पाऊस, काचेवर कुरकुरणारा एकच वायपर. ती चाकांचा आवाज ऐकायची. तो मात्र...

"समोर बघा डॉक्टर."

"बघतोय."

"मी समोर नाहीये. मी बाजूला आहे."

"म्हणूनच तर गाडी बाजूला जाते."

असं बोलता बोलता 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं.

एका दुपारी नदीकाठी गाडी उभी करून तो म्हणाला, "ही गाडी दादाची. माझ्या मोठ्या भावाची. सहा वर्षं शेडमध्ये पडून होती. नाना, म्हणजे माझे वडील, विकूही देईनात, वापरूही देईनात. मी हट्टाने काढली."

"का पडून होती?"

"दादा नानांना घेऊन घाटातून येत होता. वळण संपताना गाडी कडेवरून खाली गेली. दादाला खरचटलंसुद्धा नाही. नानांचा गुडघा गेला. हेडमास्तर माणूस, रोज पाच मैल चालणारा, तो कुबडीवर आला. दादा सांगत राहिला की स्टिअरिंग अडकलं, सरळच झालं नाही. नाना म्हणाले, परवाच दुरुस्त करून आणलीस ना? मग अडकेल कशी? स्वतःची मस्ती गाडीवर ढकलतोस?" त्याने काचेवरची वाफ हाताने पुसली. "त्यांनी त्याला घराबाहेर काढलं. सहा वर्षांत दादाचं नाव आमच्या घरात कुणी घेतलेलं नाही. मी तेव्हा शिकायला बाहेर होतो. आणि खरं सांगू... मलाही नानांचंच पटलं होतं."

तिने त्याच्या हातावर हात ठेवला. तो हात त्याने घट्ट धरला. तिला वाटलं की आयुष्यात यापेक्षा आणखी काही नको.

स्टिअरिंग बॉक्स राहिला होता, म्हणून तो गाडी गॅरेजात ठेवून गेला. रविवारी गॅरेज बंद असताना तिने तो उतरवायला घेतला. वर साचलेला मातीचा थर खरवडला, आणि तिचा हात तिथेच थांबला.

बॉक्सच्या वर एक स्क्रू असतो. आतल्या दातऱ्यांमधला सैलपणा त्याने थोडा, अगदी थोडा कमी करता येतो. हा स्क्रू पार पिळून आवळलेला होता. कुणीतरी रॉडचे झिजलेले सांधे तसेच ठेवून वरून बॉक्स आवळला होता. त्याने स्टिअरिंग हाताला घट्ट लागतं, गिऱ्हाईक खूश होतं. पण वळण घेतलं की ते तिथेच धरून बसतं. आणि त्या स्क्रूच्या नटाशेजारी पंचने ठोकलेली दोन टिंबं होती. आपण बसवलेल्या नटाला दुसऱ्या कुणी हात लावू नये म्हणून अशी दोन टिंबं ठोकणारा माणूस तिला एकच माहीत होता. तिला नट ओळखता यायच्या आधीपासून ती टिंबं ओळखता येत होती.

ती आतल्या खोलीत गेली. आप्पा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"आप्पा, ही गाडी तुमच्याकडे आली होती."

"आली होती."

"काय केलंत?"

"रॉडचे एंड मिळत नव्हते. पोराला घाई होती, वडिलांना कुठे न्यायचं होतं. म्हटलं, तात्पुरतं आवळून देऊ. माल आला की बोलावून बदलू."

"त्याला सांगितलंत? तात्पुरतं आहे, जपून चालव... असं?"

आप्पांनी मान हलवली. नाही.

"आणि अपघाताचं? कधी कळलं?"

"तिसऱ्या दिवशी."

ती भिंतीला टेकली. तेव्हा ती परगावी तंत्रशाळेत होती. आप्पांसारखं काम यावं म्हणून शिकत होती.

"त्यांनी त्या पोराला घराबाहेर काढलं आप्पा. सहा वर्षं."

"हे नव्हतं माहीत," ते म्हणाले. आणि मग, फार हळू, "विचारायलाही गेलो नाही."

बुधवारी डॉक्टर आला तो नवा शर्ट घालून. बूटसुद्धा धुतलेले. आल्या आल्या म्हणाला, "आज तुला एक विचारायचंय."

"आधी मी सांगते," ती म्हणाली. "तुझं विचारायचं राहील कदाचित."

तिने सगळं सांगितलं. स्क्रू दाखवला, टिंबं दाखवली, ती कुणाची ते सांगितलं. सांगताना ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि तो चेहरा एकेक शब्दागणिक तिच्यापासून लांब जात होता.

"म्हणजे दादा खरं बोलत होता," एवढंच तो म्हणाला. मग कोरड्या आवाजात, "लिहून देशील?"

तिने कागद घेतला आणि लिहिलं. सही करणार, एवढ्यात मागून आप्पांचा आवाज आला.

"दे इकडे. सही माझी आहे ती."

कापऱ्या हाताला तेवढं नाव लिहायला मिनिटभर लागलं. डॉक्टरने कागद घडी करून खिशात ठेवला आणि कुणाकडेही न बघता निघून गेला.

तीन आठवडे तो आला नाही. तिने बॉक्समधल्या झिजलेल्या दातऱ्या बदलल्या, जेवढं आवळायचं तेवढंच आवळलं, आणि गाडी पुसून दारात उभी केली. रोज पुसायची. आप्पांशी कामापुरतं बोलायची. डोंगराच्या रस्त्यावर कुठलंही इंजिन वाजलं की तिचे कान टवकारायचे, आणि मग तिला स्वतःचाच राग यायचा.

तो आला तेव्हा पळतच आला.

"दादा आला! काल आला. नाना कुबडी टाकून दारात उभे होते... तू बघायला हवं होतंस. दोघंही बोलले नाहीत, नुसते रडत होते." त्याने तिचे दोन्ही हात धरले. "तुझ्यामुळे. तू गप्प बसू शकत होतीस. तेव्हा काय विचारायचं होतं ते आता विचारतो. माझ्याशी लग्न करशील?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तोंडातून 'हो' निघणारच होतं... तिने विचारलं ते केवळ काळजीने.

"नाना मला घरात घेतील? आप्पांचं कळल्यावरही?"

"कळलेलं नाही."

"म्हणजे? कागदावर सही होती ना?"

"खालची सही मी कापली. पण दादाला गॅरेज माहीत होतं. तो म्हणाला, त्या म्हाताऱ्याच्या दारात जाऊन विचारणार. नानाही तेच म्हणाले. म्हणून मी..." त्याने तिचे हात आणखी घट्ट धरले. "मी सांगितलं, तो मिस्त्री वारला. गॅरेज आता दुसऱ्यांकडे आहे. झालं, राग तिथेच संपला. मेलेल्या माणसावर कोण किती रागावणार? आता तू फक्त... तुला कुणी नाही असं सांगू. थोडे दिवस. मग बघू."

तिने हात सोडवून घेतले.

"आणि लग्नात आप्पांनी कुठे बसायचं?"

"अगं..."

"सांग ना. मेलेल्या माणसाला कुठे बसवणार आहेस?"

"त्यांनी आमच्या घराची काय दशा केली, विसरलीस?" आता त्याचाही आवाज चढला. "त्यांच्यासाठी मला नाही म्हणतेस?"

"विसरले नाही. मी त्यांना माफही केलेलं नाही. तुझे नाना इथे येऊन त्यांना वाट्टेल ते बोलले असते, तर मी मध्ये पडले नसते. दादाने कॉलर धरली असती, तरी नसते पडले. ते त्यांनी ऐकायला हवं होतं. तू त्यांना तेही करू दिलं नाहीस. आणि आप्पांनाही ते ऐकू दिलं नाहीस."

"तुझं माझ्यावर प्रेम नाही का?"

"आहे." तिने डोळे पुसले नाहीत. "वेड्यासारखं आहे. तू येशील म्हणून तीन आठवडे ही गाडी पुसतेय मी. पण तुझ्या घरात रोज सकाळी उठून आप्पा मेलेत असं मला नाही वागता येणार. घरी खरं सांग. मग त्यांनी नाही म्हटलं, तरी मी तुझ्याबरोबर येईन."

तो उभा राहिला. ती वाट बघत होती. त्याने एकदा तोंड उघडलं, दाराकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं.

"दादा कालच आलाय," तो शेवटी म्हणाला. "आता पुन्हा ते सगळं... नाही जमणार."

तिने किल्ली त्याच्या हातावर ठेवली. बोटं लागू न देता ठेवली.

गाडीचा आवाज पंपापलीकडे विरून गेला. ती आत आली, तर आप्पा दाराआड खुर्चीत बसलेले.

"मी कधी वारलो म्हणाला तो?" त्यांनी विचारलं.

"ऐकलंत तुम्ही."

"हात गेलेत, कान आहेत अजून." ते उगाच हसायला गेले, जमलं नाही. "जा पोरी त्याच्यामागे. मला काही वाटणार नाही. त्या पोराच्या जागी मी असतो तर मीही तेच सांगितलं असतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्हीही तेच सांगितलं असतंत."

आप्पांनी मान खाली घातली.

"उद्या सकाळी तुम्ही आणि मी हेडमास्तरांच्या घरी जायचंय," ती म्हणाली. "ते काय बोलतील ते उभं राहून ऐकायचं. आपल्याला बसा म्हणणार नाहीत."

"तो पोरगा तुझं तोंड बघणार नाही त्यानंतर."

"नाही बघणार."

संध्याकाळी तिने आप्पांना ताट वाढून दिलं. स्वतः बाहेर पायरीवर जाऊन बसली, आणि आत ते जेवत नाहीयेत हे कळत असूनही उठली नाही.