चिकटपट्टी लावलेली कॅसेट

"थांबा! मशीनमध्ये घालू नका ती!"

पैठण गेटजवळच्या रिपेअरिंगच्या दुकानात मी केवढी तरी दचकले. दुकानदाराच्या हातातली माझी व्हिडिओ कॅसेट एका उंच मुलानं चक्क हिसकावून घेतली होती. चोर की काय... पण चोर कॅसेट उजेडाकडं धरून तिच्यावर हळूच फुंकर घालत नाहीत.

"आत बुरशी हाय. अशी फिरवली तर टेप तुटलीच समजा. लग्नाची हाय का?"

"आईच्या लग्नाची," मी म्हणाले. "मी अकरा महिन्यांची असताना ती गेली. तिचा आवाज... मी कधी ऐकलेलाच नाही."

अनोळखी माणसाला एवढं का सांगितलं, कुणास ठाऊक. बहुतेक त्याच्या डोळ्यांमुळं. ते माझ्याइतकेच घाबरलेले होते.

त्याचं नाव धम्मपाल. वाळूजला कंपनीत शिफ्ट करायचा आणि रविवारी बजाजनगरच्या घरी जुना व्हीसीआर कॉम्प्युटरला जोडून लोकांच्या कॅसेटींच्या डीव्हीडी करून द्यायचा.

"एक सांगतो," पहिल्याच रविवारी तो म्हणाला. "लग्नाच्या कॅसेटवर शूटिंगवाले सगळीकडं गाणी भरतात. माणसाचा आवाज फक्त नाव घेताना राहतो."

"तेवढाच हवाय मला."

तीन रविवार तो कॅसेट उघडून कापसानं टेप पुसत राहिला, वीत वीत करून. मी समोर श्वास धरून बसायचे. त्याची आई, भामाबाई, चहा ठेवून जायची आणि तो तसाच गार व्हायचा. त्याला हाक मारायची वेळ आली की मी नुसतं 'अहो' म्हणायचे. नाव ओठांपर्यंत यायचं आणि माघारी जायचं.

"तुम्ही असं बघता ना... माझा हात थरथरतो."

"मग डोळे मिटू?"

"नका. मंग जास्तच थरथरंल."

मी हसले आणि लगेच धसका बसला. आईचा आवाज असा धाग्यावर लटकलेला असताना मला हसू येतंच कसं?

चौथ्या रविवारी सगळं जोडून झालं, पण त्यानं कॅसेट आत घातली नाही. तिची मागची कड त्यानं माझ्यापुढं धरली. तिथं पिवळी पडलेली चिकटपट्टी होती.

"शूटिंगवाला हितला तुकडा तोडून देतो, म्हणजे वर दुसरं काही भरता येत नाय. कुणीतरी ही खाच बुजवलीय. म्हणजे आईच्या वर..."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच रविवारी."

"आणि तुम्ही गप्प राहिलात?"

"भ्यालो." त्यानं मान खाली घातली. "सांगितलं असतं तर तुम्ही परत आल्या नसत्या."

मला त्याचा भयंकर राग आला. आणि उठून जावंसं मात्र मुळीच वाटलं नाही... ही काय तऱ्हा!

"लावा," मी म्हणाले.

पडद्यावर आधी मुंग्या आल्या आणि मग क्रिकेटची मॅच. काका! काकाच्या क्रिकेटवेडानं माझी आई पुसून टाकली होती. दहा मिनिटं, वीस, चाळीस. मी रडत होते.

"बंद करा हो."

"नाय. मधी थांबवली तर तुटंल. बसा." त्यानं टेबलावर माझ्या हाताशेजारी हात ठेवला. लावला नाही, नुसता ठेवला.

ऐन ओव्हरमध्ये पडदा काळा झाला. "तुटली?"

"चाक फिरतंय... मॅच भरताना लाईट गेली असंल. मॅच तिथंच थांबली, पुढचं जुनंच राहिलंय!"

काळोखातून पांढरी साडी आली. एक उंबरठा आणि बायकांचा गलका: "नाव घे! त्याबिगर आत सोडणार नाय!" एक सडपातळ मुलगी मान हलवत होती. माझी आई... माझ्याहून लहान!

"घेते की," ती म्हणाली. "पण मला लई भ्या वाटतंय." मग एका दमात,

"वैजापूरच्या बाजारात कांद्याला आला भाव,
भीत भीत घेते मिलिंदरावांचं नाव!"

हशा पिकला. मी ऐकतच राहिले. जाडसर, थोडा बसका आवाज. हुबेहूब माझा.

कट्! टेप तुटली.

"आलंय सगळं," धम्मपाल घाईघाईनं म्हणाला. "कॉम्प्युटरवर आलंय."

डिस्क तयार व्हायला वीस मिनिटं लागली. त्यानं दोन काढल्या, एक अण्णांसाठी, माझ्या वडिलांसाठी. माझ्या हातात देताना त्यानं त्या सोडल्याच नाहीत.

"आता... येणं बंद?"

"मला लई भ्या वाटतंय," मी म्हणाले.

"कशाचं?"

"नाव घ्यायचं."

स्वयंपाकघरात वाजणाऱ्या कपबश्या एकदम थांबल्या. त्याचे कान लाल झाले. "त्याबिगर... बाहेर सोडणार नाय," तो कसंबसं पुटपुटला.

"धम्मपाल," मी म्हणाले.

त्या रविवारी चहा आम्ही गरम असतानाच प्यायलो.