रविवारचं दाणाघर

लाकडाच्या वखारीत एकाच फळीवर दोन हात पडले. एक औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या तिचा, दुसरा कोपऱ्यावरच्या घड्याळजीचा.

"मी आधी पाहिली," तो म्हणाला.

"पाहून काय होतं? चंद्रही सगळेच पाहतात. मी धरली."

तो हसला... आणि तिचं तिथेच जरा चुकलं. ती त्या हसण्याकडे पाहत राहिली.

"हवीय कशाला?"

"पक्ष्यांसाठी दाणाघर करायचंय. बाबांचं खुब्याचं हाड मोडलंय. थंडीभर खाट आणि खिडकी! खिडकीत चिमणीसुद्धा फिरकत नाही. बाबांनी बोलणंच टाकलंय हो."

त्याने फळी काही सोडली नाही. "मग मीच करून देतो," म्हणाला.

रविवारी खिडकीबाहेर दाणाघर लागलं. वर उतरतं छप्पर, दाणे सांडू नयेत म्हणून बोटभर कठडा. चिमण्या आल्या, मागोमाग एक लठ्ठ कबुतर. आणि बाबा कडाडले, "अरे ढेरपोट्या, बाकीच्यांना ठेव की काही!"

ओट्याशी उभी राहून ती रडली. आभार देवाचे मानावेत की घड्याळजीचे, ठरेना. चहा मात्र घड्याळजीला मिळाला.

पुढे दर आठवड्याला दाणाघर कलंडायचं. तो पाना घेऊन यायचा, नट कसायचा, बाबांशी गप्पा छाटायचा. ती काय दूधखुळी होती? केसाएवढा स्क्रू बसवणाऱ्याला दोन नट कसता येऊ नयेत? पण तोट्याचा सौदा नव्हता, म्हणून ती गप्प बसली.

थंडी ओसरली. बाबा काठी टेकत खिडकीपाशी जाऊ लागले. त्या रविवारी तो नजर चुकवत म्हणाला, "आज पक्कं बसवलंय. आजवर... जाताना मीच ढिलं करून जायचो. तुम्ही इतक्या मनापासून आभार मानता, लाज वाटायला लागली. आता नाही पडायचं."

चहासुद्धा न घेता गेला. आता यायला त्याला निमित्तच उरलं नाही, आणि तिचा आठवडा काही केल्या सरेना.

पुढच्या रविवारी दाणाघर एका नटावर लोंबत होतं. तिने फोन केला. तो धावत आला, त्याने वाकून पाहिलं.

"हे वाऱ्याचं काम नाही."

"नाहीच. पाना शेजारून आणला होता."

"तुम्ही? पण... का?"

"आभार मानायला माणूस समोर लागतो," ती हळूच म्हणाली. "रोज."

त्याच्या हातातला पाना तिने काढून घेतला. हात तेवढा आपल्या हातात राहू दिला.

खाटेवरून बाबा खाकरले, "जावईबापू, सावकाश होऊ द्या तुमचं. पण आधी ते दाणाघर सरळ करा, चिमण्या खोळंबल्यात!"