कॉरीनच्या खोलीतला राखाडी

राखाडी रंग जावयासारखा असतो. दुकानात अगदी गरीब गाय, आणि घरात आला की मग एकेक छटा दाखवतो. हे शहाणपण मार्नीला सत्तावन्नाव्या वर्षी आलं, लग्न होऊन पाच महिने झाल्यावर.

ती लायलची दुसरी बायको. पहिली, कॉरीन, तीन वर्षांपूर्वी गेली. पण ओहायोतल्या त्या घरात तिची शिवणाची खोली होती, लोण्यासारखी पिवळी. लायल रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन त्या खोलीच्या दारात उभा राहायचा. आत पाऊल टाकायचा नाही. मार्नीची चाहूल लागली की कप तोंडाला लावायचा, जणू कॉफी प्यायला जगात तेवढीच जागा होती. लबाड बेटा! खोली आपली झाली की नवराही होईल, असं मार्नीने मनाशी धरलं. भिंती गडद राखाडी, चौकटी पांढऱ्या. पिवळ्याचा मागमूस नको.

रंगवाल्या डेल्बर्टने नमुन्याला तीन राखाडींचे चिमुकले डबे दिले आणि बजावलं, की चारही भिंतींवर ठिगळं मार, शेजारी पांढरा कागद चिकटव आणि दिवसभर बघ. पांढरा कागद शेजारणीसारखा, कुणाचं काही झाकून ठेवत नाही. त्याच्याशेजारी पहिला राखाडी सकाळी निळा निघाला, दुसरा दुपारी हिरवा, आणि तिसरा संध्याकाळी चक्क वांग्यासारखा जांभळा.

तिसऱ्या दिवशी खिडकीसमोरच्या भिंतीवर चौथं ठिगळ होतं.

तळहाताएवढं. ना निळं, ना हिरवं, ना जांभळं. सकाळी जसं तसंच संध्याकाळी. ब्रशची रेघ नाही, ओघळ नाही. मार्नीने बोट लावलं तर गार लागलं, आणि नुकत्याच इस्त्री केलेल्या कापडाचा वास आला. लायलने गुपचूप मारलं असणार, असं तिला वाटलं. पण तीन वर्षांत आपण त्या खोलीत गेलोच नाही, असं तो बशीतल्या ॲपल-पायकडे बघत म्हणाला. मार्नीने फार खोदलं नाही. हवा होता तो राखाडी मिळाला होता ना!

तिकडच्या भिंती पुठ्ठ्यासारख्या, सुरीने कापता येणाऱ्या. रंगाचं नाव ठाऊक नसलं की तिथली माणसं भिंतीचा नाण्याएवढा तुकडा कापून दुकानात नेतात. मशीन तो बघतं आणि तस्साच रंग बनवून देतं. मार्नीने ठिगळाच्या ऐन मधोमध सुरी फिरवली आणि तुकडा रुमालात बांधला. दुकानात रुमाल सोडला, तर आत लोण्यासारखा पिवळा तुकडा.

"मार्नी, चष्मा घरी राहिला वाटतं?" डेल्बर्ट म्हणाला. मशीननेही पिवळाच सांगितला.

घरी येऊन बघते तो ठिगळ नाही. पिवळी भिंत, आणि तिला नाण्याएवढं भोक. शहाण्या बाईने दार लावून घेतलं असतं. मार्नीने भोक बुजवलं, डेल्बर्टच्या दुकानात नजरेच्या अंदाजानेच एक गडद राखाडी निवडला, जोडीला सायीसारखा पांढरा घेतला, आणि शनिवारी एकटीने दोन हात मारले.

रविवारी दुपारी खोली अशी दिसत होती, की कॉरीनचं नाव काढायची सोय नाही. मार्नीने हाक मारली. लायल कप हातात घेऊनच आला, उंबऱ्यावर अडखळला, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा आत शिरला. दोघं खिडकीला पाठ करून उभी राहिली. समोरच्या राखाडीवर दोन सावल्या पडल्या.

लायलची काळपट होती, माणसाची असते तशी. मार्नीची पिवळी होती.

मार्नीने हात उचलला. सावलीनेही उचलला, जरा सावकाश. मार्नीचे केस कानापर्यंत कापलेले. सावलीच्या मानेवर अंबाडा होता.

"लायल..." ती कुजबुजली, "तुला दिसतंय ना...?"

त्याने हातातला कप न बघताच मागच्या खिडकीत ठेवला. तिच्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही.

"हलू नकोस," तो म्हणाला. पाच महिन्यांत इतक्या मायेने तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. "जरा अशीच उभी राहा..."

मार्नी एकेक पाऊल मागे सरकत दाराबाहेर आली. लायलला ते कळलंच नाही. भिंतीवर सावल्या अजूनही दोन होत्या, आणि पिवळी त्याच्या खांद्याला टेकली होती.