जुन्या कव्हरातली नवी तबकडी

कव्हर खरं होतं. आतली तबकडी मात्र दुसरीच होती.

पारखीबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि तबकडी खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. जुन्या जॅझ रेकॉर्डींची पारख करण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं, म्हणून त्यांना सगळे पारखीबाईच म्हणत. आज एका आजारी संग्राहकाच्या जावयाने त्यांना घरी बोलावलं होतं. संग्रह विकायचा होता. त्याआधी कशाचं काय मोल आहे ते ठरवायचं होतं.

"हा अल्बम तुमच्या सासऱ्यांचा सगळ्यात लाडका, असं म्हणालात ना?"

"लाडका? जीव की प्राण. का, काय झालं?" जावई दारातच थबकला.

"ही मूळ छपाई नाही. बऱ्याच वर्षांनी काढलेली आवृत्ती आहे. लेबल हुबेहूब जुन्यासारखं केलंय, पण इथे बघा." लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर त्यांनी बोट ठेवलं. "मूळ तबकडीवर इथे हाताने कोरलेला क्रमांक असतो, वेडावाकडा. हा यंत्राने ठोकलाय. कव्हर मात्र अस्सल आहे. म्हणजे कुणीतरी आतला माल बदललाय."

जावयाचा चेहरा ताठ झाला. "नर्सबाई. दुसरं कोण असणार? दिवसभर तीच असते बाबांजवळ एकटी."

शेजारच्या खोलीत भांडी विसळण्याचा आवाज एकदम थांबला.

"हळू बोला," पारखीबाई म्हणाल्या. "आणि इतक्यात कुणाचं नाव घेऊ नका."

आजारी माणूस आतल्या खोलीत होता. पलंग भिंतीला लागून, समोर दोन मोठे स्पीकर, मध्ये रेकॉर्ड प्लेअर. पक्षाघाताने उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. डोळे उघडे होते, पण ते कुठे बघताहेत ते कळत नव्हतं. उशाशी लेक बसली होती. तिच्या मांडीवर घड्या घातलेले सदरे होते. शुश्रूषाकेंद्रात न्यायची बॅग भरणं चाललं होतं.

"उद्या हलवणार?" पारखीबाईंनी विचारलं.

"हो. मन होत नाही, पण करणार काय? बाबांचे मित्र, कप्तानकाका, तेही म्हणतात की केंद्रातच ठेव. बाबांना काही समजतच नाही आता. हाच अल्बम लावला तर तोंड फिरवतात, भिंतीकडे. जन्मभर ज्याच्यावर जीव टाकला, तोही ओळखू येत नाही."

"असं कधीपासून?"

"दवाखान्यातून आणलं त्या संध्याकाळपासून. मी मुद्दाम लावला होता, म्हटलं खूश होतील. त्यांनी मान फिरवली ती फिरवलीच. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले."

"तेव्हा घरात कोण होतं?"

"आम्ही दोघं आणि कप्तानकाका. नर्सबाई दुसऱ्या दिवशी आल्या."



"आणि ते दवाखान्यात असताना घर कोण बघत होतं?"

"हे अधूनमधून यायचे कपडे न्यायला. किल्ली कप्तानकाकांकडे होती, कुंड्यांना पाणी घालायला." लेकीने सदरा खाली ठेवला. "तुम्ही असं का विचारताय?"

"सांगते. आधी मला एक रेकॉर्ड लावून बघू दे. प्लेअर ठीक आहे ना, ते पाहायचंय."

त्यांनी फळीवरून हाताला लागेल ती रेकॉर्ड काढली आणि सुई टेकवली. पियानोचे चार सूर निघाले असतील नसतील, तेवढ्यात बाहेरच्या दारातून खर्जातला आवाज आला.

"धूळ आहे त्याच्यावर. आधी पुसा, मग लावा."

कप्तान आत आले. एके काळी मालवाहू जहाजावर होते. उंच, ताठ, पांढऱ्याशुभ्र मिशा. या मित्राच्या उशाशी दर रविवारी हजेरी लावण्याचा त्यांचा नेम होता.

"दारातून ऐकू आली धूळ?" पारखीबाई हसल्या.

"जहाज सुटलं, कान नाही सुटले." कप्तान खुर्चीत बसले. "मोल ठरवायला आलात तुम्ही? चांगलं केलंत. पडून सडण्यापेक्षा जाणकारांच्या हाती गेलेलं बरं. याला आता काही कळत नाही, बिचाऱ्याला."

"तुम्ही हा लाडका अल्बम लावता का त्यांच्यासाठी?"

"दर रविवारी. मी पूर्ण ऐकतो, कानात प्राण आणून. तो तोंड फिरवतो. डॉक्टरलाही मी तेच सांगितलं."

"रेकॉर्ड तीच आहे? आवाजात फरक नाही वाटला?"

"तीच. ही तर मीच आणली होती याच्यासाठी, तरुणपणी, कुठल्याशा बंदरातून. तिचा आवाज मी विसरेन होय?"

जावई घसा साफ करत पुढे झाला. "पण काका, या म्हणतात की..."

"थांबा," पारखीबाईंनी हात वर केला. "ताई, जरा बाहेर येता?"

बाहेरच्या ओट्यावर उभं राहून त्यांनी लेकीला तबकडीचं सगळं सांगितलं.  मग तिने विचारलं, "पण मग ओरखडा? तो असेल ना तिच्यावर?"

"कसला ओरखडा?"

"मी लहान असताना खुर्चीवर चढून सुई आपटली होती. दुसऱ्या बाजूला. पहिल्याच गाण्यात सॅक्सोफोन थांबतो, सगळे गप्प होतात, तिथे बारीकसा टक आवाज यायचा. बाबा कधी रागावले नाहीत. पाहुण्यांना सांगायचे, इथे माझी लेक वाजवते."

"हे कप्तानांना ठाऊक आहे?"

"त्यांना ठाऊक नसेल तर कुणाला असेल? दोघं मिळून हसायचे त्या जागेवर. माझं मात्र त्या संध्याकाळी बाबांच्या चेहऱ्याकडेच लक्ष होतं, टक आली नाही हे कळलंच नाही."

पारखीबाई आत परतल्या. नर्सबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, पदराला हात पुसत, डोळे लाल. पारखीबाईंनी त्यांना आत बोलावलं. मग तबकडीची दुसरी बाजू लावली आणि पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या.

"कुणी बोलू नका. फक्त यांच्याकडे बघा."

सॅक्सोफोन सुरू झाला. आजारी माणसाचे डोळे स्थिर होते. डावा हात चादरीवर पडलेला. सूर वर चढला, वळला, खाली उतरला आणि थांबला. ड्रमही थांबले. खोलीत पूर्ण शांतता.

त्या शांततेत डाव्या हाताची तर्जनी उचलली गेली आणि चादरीवर टेकली. एकदा.

स्पीकरमधून काहीच आलं नाही. वाद्यं पुन्हा सुरू झाली. म्हाताऱ्याने सावकाश मान भिंतीकडे फिरवली.

"बाबा," लेक पुटपुटली.

"योगायोग," कप्तान म्हणाले. "बोटं हलतात अशी. आजाराने."

"परत लावू." पारखीबाईंनी सुई उचलून मागे नेली.

सॅक्सोफोन चढला, उतरला, थांबला. तर्जनी उचलली गेली आणि टेकली. त्याच जागी. मान फिरली.

नर्सबाईंनी तोंडाला हात लावला. जावई पलंगाच्या कडेला बसला.

पारखीबाईंनी प्लेअर बंद केला.

"हे गृहस्थ अल्बम विसरलेले नाहीत," त्या म्हणाल्या. "उलट, सगळ्यांत आधी यांनीच ओळखलं की ही आपली रेकॉर्ड नव्हे. बोलता येत नाही, लिहिता येत नाही. मान तेवढी फिरवता येते. म्हणून प्रत्येक वेळी ते नाही म्हणत होते. आपण त्याला वेड समजलो."

त्यांनी तबकडी प्लेअरवरून उचलली.

"आता कोणी बदलली ते. घरी आणल्याच्या पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मान फिरवली. म्हणजे तबकडी त्याआधीच बदलली गेली होती. नर्सबाईंनी तोवर या घराचा उंबराही ओलांडला नव्हता. त्या यातून सुटल्या." त्यांनी जावयाकडे पाहिलं. "तुम्ही येत-जात होतात. पण तुम्ही बदलली असती, तर ती तपासायला मला बोलावलं नसतंत. उरतो किल्लीवाला माणूस."

"माझ्यावर आळ घेता?" कप्तान शांतपणे म्हणाले. "म्हातारे कान आहेत. फरक नाही कळला."

"मघाशी दारातून धूळ ऐकलीत. इतक्या वर्षांची टक रविवारमागून रविवार गायब आहे, ती ऐकू आली नाही? मी विचारलं तेव्हा तरी म्हणायचंत, की टक येत नाही. तुम्ही म्हणालात, तीच आहे. ज्याला टक ठाऊक आहे, ज्याचे कान असे आहेत आणि तरीही जो गप्प बसला, त्याला गप्प बसण्याचं कारण होतं. आणि यांना काही कळत नाही, हे डॉक्टरांच्या गळी कुणी उतरवलं? तुम्हीच. यांना कळतं असं ठरलं असतं, तर यांनी मान का फिरवली हे कुणीतरी विचारलं असतं."

कप्तानांनी मिशांवरून हात फिरवला.

"आणली मी होती," ते म्हणाले. "हौसेने दिली याला. तेव्हा कुठे माहीत होतं ती काय चीज आहे. पुढे कळलं, आणि दर रविवारी इथे बसून ऐकताना आतडं तुटायचं. तो दवाखान्यात गेला, वाटलं, आता काही परत येत नाही. माझ्याकडची नवी आत ठेवली. मग तो परत आला." त्यांनी पलंगाकडे बघायचं टाळलं. "पहिल्या दिवशी मान फिरवली तेव्हाच मला कळलं होतं."

"तुम्हाला कळलं होतं," लेक म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "आणि तुम्ही मला सांगत राहिलात की बाबांना केंद्रात ठेव. मी बाबांची बॅग भरत होते, काका."

कप्तान उठले. "आणून देतो."

"आणून द्या. पण दाराशी द्या. आत येऊ नका."

ते गेले. जाताना ताठ मान थोडी वाकली होती. लेकीने बॅगेतले सदरे एकेक करून काढले आणि कपाटात परत ठेवू लागली. नर्सबाई न सांगता मदतीला गेल्या. जावई त्यांच्यासमोर जाऊन काहीतरी बोलला, हात जोडून, खालच्या आवाजात. त्या नुसत्या मान डोलावत राहिल्या.

मग तो पारखीबाईंकडे वळला. "तुमची सकाळ फुकट गेली. बाकीच्या संग्रहाचं मोल... ते करायचं का आता?"

"मला काय विचारता? मालक समोर आहेत."

 जावयाने खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि म्हाताऱ्याच्या तोंडासमोर येईल असा वाकून बसला. या घरात इतक्या दिवसांत कुणी त्यांना प्रश्न विचारला नव्हता. कसा विचारायचा, हेही त्याला सुचेना.

"बाबा, या रेकॉर्डी... विकायच्या का?"

म्हाताऱ्याने त्याच्याकडे नीट, रोखून पाहिलं. मग मान एका बाजूला फिरवली आणि हळूहळू, कष्टाने, दुसऱ्या बाजूला.