कोणी मागे राहू नका

मोबाईल पालथे ठेवा, आणि जिन्यातला दिवा गेला तर लावायला कोणी उठू नका. समोरच्या इमारतीतला छत्रीवाला तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. उंच, जरासा पोक आलेला, ऐन थंडीतसुद्धा हातात लाल छत्री. तुम्ही त्याला छत्रीकाका म्हणता आणि पाठीमागे हसता, तेही माहीत आहे. त्या छत्रीचा पावसाशी काही संबंध नाही. तो गाईड आहे. शहर बघायला आलेल्या पाहुण्यांना हिंडवतो. गर्दीत कोणी चुकू नये म्हणून मिटलेली छत्री डोक्यावर उंच धरून पुढे चालतो, पाहुण्यांनी छत्रीमागे यायचं.

थोडं त्याच्या तोंडून कळलंय, थोडं त्याच्या ड्रायव्हरकडून, आणि शेवटचं त्याच्या लेकीने स्वतः इथे, या पायरीवर बसून सांगितलंय. शेजाऱ्याला काय झालं ते विचारल्याशिवाय राहवत नाही, काय करणार.

गेल्या वर्षीची गोष्ट. फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार, आणि आभाळात चंद्राचा पत्ता नाही. छत्रीवाल्याची ती शेवटची टूर होती. सकाळी लेक गाडी घेऊन येणार होती, बाबांना कायमचं आपल्याकडे न्यायला. बॅग भरून पलंगाजवळ तयार होती. लोकांना तो सांगायचा, आता पाय चालत नाहीत, घसा चालत नाही. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. त्याला काम झेपत होतं, कामावरून घरी येणं झेपत नव्हतं.

बायको होती तोवर कितीही उशीर होवो, स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा असायचा. कोपऱ्यावर वळलं की तो दिसायचा. दिसला की छत्रीवाला छत्री काखेत मारायचा, म्हणजे दिवस संपला. ती गेली, मग काही दिवसांनी तिथला बल्बही गेला. त्याने नवा आणला नाही. दोन वर्षं हा माणूस अंधारात चाचपडत माठापर्यंत जायचा, पाणी प्यायचा आणि आडवा व्हायचा. लेक म्हणायची, "बाबा, एक बल्ब लावायला काय होतं हो तुम्हाला?" तो म्हणायचा, "लावीन." लावून उपयोग काय, आपणच लावायचा आणि आपणच बघायचा.

तर त्या शनिवारचे पाहुणे. एकटेच होते, जाडजूड, गुडघा धरून चालणारे. संध्याकाळची खास टूर, एक गाडी, एक गाईड, सगळं त्यांच्या एकट्यासाठी. गाडीत बसताबसताच त्यांनी जांभई दिली.

"मुलाने भेट दिलीय," ते म्हणाले. "त्याला वाटतं बाबा खोलीत पडून असतात. आता त्याला फोटो पाठवावे लागणार. तुम्ही लवकर आटपा गाईडसाहेब, मी तक्रार करणार नाही."

"माझीही शेवटचीच टूर आहे साहेब. आज आपलं जमणार."

ड्रायव्हर आरशात बघून हसला. "दोघं मागे झोपा काका. शहर मी बघून येतो."

कोर्टाची जुनी इमारत झाली, घड्याळाचा मनोरा झाला, नदीवरचा पूल झाला. पाहुणे काच खाली करून फोटो काढत आणि काच वर करत. छत्रीवाला बोलत होता, पण बोलणं त्याच्या तोंडातून आपोआप येत होतं, नळातून यावं तसं. कुठल्या राजाने काय बांधलं ते सांगताना तो मनात हिशेब करत होता, की कुलूप कुठलं लावायचं आणि चावी कोणाकडे ठेवायची.

शेवटचं ठिकाण म्हणजे खिडकीची गल्ली.

आता ही गल्ली कुठल्या जुन्या नकाशात नाही, ती याची स्वतःची आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी एकदा म्युझियम लवकर बंद झालं आणि पाहुणे कुरकुरायला लागले. वेळ काढायला याने त्यांना बंद पडलेल्या छापखान्यामागच्या गल्लीतून नेलं. तिथे तीन मजली एक घर, दारं लावलेली, कोणी राहत नाही. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड वरच्या एका काचेवर असा पडायचा की आत कंदील ठेवलाय असं वाटावं. एका पाहुणीने विचारलं, तिथे कोण राहतं? आणि याने तिथल्या तिथे गोष्ट रचली. एक बाई राहते. नवऱ्याला कामावरून यायला उशीर होतो, म्हणून ती खिडकीत कंदील ठेवून बसते. एका रात्री नवरा आला नाही. ती अजून बसलीय.

पाहुणीने डोळे पुसले. त्या दिवसापासून गल्ली टूरमध्ये आली. पुढे बाकीचे गाईडही तीच गोष्ट सांगायला लागले, कोणी त्यात पूर घातला, कोणी लढाई.

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, तेव्हा ती पोळी उलटता उलटता म्हणाली, "म्हणजे माझीच गोष्ट सांगून लोकांना रडवता."

"तुझी कुठे? तुझा नवरा येतो की."

"येतो, मेहेरबानी." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण अहो, त्या बिचारीला किती वर्षं तशीच बसवून ठेवणार? उठवा की तिला एकदा."

"उठली तर पाहुण्यांना दाखवू काय?"

हे त्यांचं नेहमीचं झालं होतं. तो उशिरा आला की ती विचारायची, "उठवलीत का हो तिला?" आणि तो म्हणायचा, "उद्या."

गल्लीच्या तोंडाशी रस्ता खणला होता. गाडी आत जाईना. ड्रायव्हर कोपऱ्यावर थांबला. छत्रीवाल्याने छत्री वर धरली आणि चालायला लागला. मागे पाहुण्यांची पावलं. एक नीट, एक फरफटत. मागे वळून बघणारा गाईड नवशिका समजावा. जुना कानाने ओळखतो, कोण मागे आहे आणि कोण रेंगाळलं. पण त्या संध्याकाळी त्याचं अर्धं लक्ष घरच्या कुलपातच होतं.

घरासमोर तो उभा राहिला, खिडकीकडे तोंड करून, पाहुण्यांकडे पाठ. अशीच पद्धत होती. गाईड वर बघतो, मग पाहुणेही वर बघतात.

त्याने गोष्ट सुरू केली. घसा खवखवत होता. वाटलं, आज शेवटची वेळ. उद्यापासून ही गोष्ट सांगायला आपण नाही. आणि मग, का कोण जाणे, त्याने शेवट बदलला. दमला होता, एवढंच तो सांगतो. म्हणाला, "...ती बसून राहिली. पुष्कळ बसली. आता मात्र पुरे झालं. तिने उठायला हवं."

मागून काहीच आवाज आला नाही. ना जांभई, ना फोटोचा खटका.

त्याने सवयीने पुढचं वाक्य म्हटलं. प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक टूरला, आयुष्यभर म्हटलेलं.

"चला, झालं. माझ्यामागे या. कोणी मागे राहू नका."

आणि वरच्या खिडकीतला दिवा विझला.

सवयीप्रमाणे मागे न बघताच तो वळून चालायला लागला. आठदहा पावलं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. रस्ता खणलेला. खांब आडवा पडलेला. गल्लीत दिवाच नव्हता.

मग काचेवर पडत होतं ते काय?

मागे पावलं होती. पण फरफट नव्हती. हलकी पावलं, सारखी. बरंच बसून उठलेलं माणूस चालतं तशी, आधी अडखळत... मग जरा सावरून.

"साहेब, गुडघा बरा वाटतोय का?" त्याने न वळता विचारलं.

पावलं तशीच येत राहिली.

कोपरा आला. गाडीच्या आतला दिवा चालू होता. मागच्या सीटवर पाहुणे डोकं टाकून झोपले होते. तोंड उघडं. घोरत होते.

छत्रीवाला थांबला. मागची पावलंही थांबली. एकच पाऊल जास्त पडलं, मग थांबली.

ड्रायव्हर बाहेर आला. "काका, हे तर केव्हाच परत आले. गल्लीत चार पावलं गेले आणि गुडघा धरून माघारी. तुम्ही इतका वेळ कोणाला सांगत होता?"

"माझ्या मागे बघ," छत्रीवाला म्हणाला. हळू.

ड्रायव्हरने त्याच्या खांद्यावरून पाहिलं.

"कोणी नाही."

"नीट बघ."

"कोणी नाही काका... छत्री खाली घ्या ना आता."

तेव्हा त्याला कळलं, छत्री अजून वरच आहे.

पाहुण्यांना हॉटेलवर उतरवलं. त्यांनी दोघांचे आभार मानले, म्हणाले, फार सुंदर टूर झाली. मग ड्रायव्हरने याला आपल्या रस्त्याच्या कोपऱ्यावर सोडलं. ड्रायव्हर सांगतो, गाडीत रॉकेलचा वास होता. गाडी पेट्रोलची, पण वास रॉकेलचा.

छत्रीवाला घराकडे निघाला. छत्री काखेत.

मागे पावलं.

त्याने बघितलं नाही. पळालाही नाही. तो सांगतो, "भीती वाटली रे. पण इतका दमलो होतो की घाबरायलाही जोर लागतो, तो नव्हता." खिडकीत अंधार. रोजचाच. जिना चढला. मागे जिना चढल्याचा आवाज, एक एक पायरी. तो मुद्दाम एका पायरीवर थांबला. आवाज थांबला. पुन्हा चढला. पुन्हा आला.

दाराशी आला. कुलूप काढलं. दार उघडलं.

आणि इथे त्याच्या हातून ते झालं. कुठलंही दार उघडलं की गाईड आधी आत जात नाही. बाजूला होतो. दार धरून उभा राहतो. पाहुणे आत जातात, शेवटी आपण. इतक्या वर्षांची सवय. अंगात मुरलेली.

तो बाजूला झाला. दार धरून उभा राहिला.

काही दिसलं नाही.

फक्त... वास आला. जवळून. आणि शर्टाची बाही हलली.

मग आतल्या फरशीवर पावलं. बाहेरच्या खोलीत थांबली नाहीत. चाचपडली नाहीत. सरळ स्वयंपाकघराकडे गेली... आणि थांबली.

तो बराच वेळ दार धरून उभा होता. आत जावं की ड्रायव्हरला फोन करावा? लेकीला करावा? काय सांगायचं? सकाळी तर जायचंच आहे. एक रात्र. तो आत गेला, दाराजवळच्या खुर्चीत बसला, चपला पायात तशाच. स्वयंपाकघराकडे पाठ केली. बसल्या बसल्या त्याला झोप लागली. दोन वर्षांत तशी लागली नव्हती.

उजाडायच्या आत लेक आली. बेल वाजवली नाही, दार उघडंच होतं.

"बाबा, अहो काय हे? दार सताड उघडं, तुम्ही खुर्चीत." तिने बॅग उचलून दाराशी आणली. "आणि रात्रभर दिवा जाळत बसलात? शेवटी बल्ब लावलात म्हणायचा. कोपऱ्यावरून दिसला मला. क्षणभर वाटलं, आईच..."



"मी बल्ब लावला नाही," तो म्हणाला.

"मग काय होतं ते?"

लेक स्वयंपाकघरात गेली. बटणाचा खटका ऐकू आला. पुन्हा एकदा. पुन्हा. उजेड पडला नाही.

मग ओलं फडकं घासल्याचा आवाज.

"बाबा, इकडे या जरा."

तो दारापर्यंत गेला. लेक खिडकीशी उभी होती, हातात ओलं फडकं. खिडकीच्या कट्ट्यावर दोन वर्षांची धूळ होती. त्या धुळीत एक गोल. बशीएवढा, तेलकट, काळसर. काहीतरी रात्रभर ठेवून उचलावं तसा.

"पुसला तर जात नाहीये," ती म्हणाली. मग तिने त्यावर तळहात टेकला आणि तसाच ठेवला. तिचा आवाज बारीक झाला. "बाबा... हे कोमट आहे."

छत्रीवाल्याने कट्ट्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर, कोपऱ्याकडे. जिथून तो रोज वळतो.

"गाडीवाल्याला सांग," तो म्हणाला, "बॅग यायची नाही म्हणून."

ती भांडली, रडली, दोन दिवस राहिली. शेवटी जाताना इथे बसून सगळं सांगून गेली. त्याने काम सोडलं नाही. आजही गेलाय, संध्याकाळचीच टूर आहे. बल्ब अजून लावलेला नाही, ते कालच विचारलं.

आता तुम्ही विचाराल, आत कोण आहे, गल्लीतली ती बाई का याची बायको? त्यालाही एकदा विचारलं होतं. त्याने छत्री एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. म्हणाला, "मी वळून बघत नाही."

ती बघा त्याची खिडकी. तिसरा मजला, डावीकडून दुसरी, उजेड आहे ती.

तो अजून यायचाय.